गरोदर सुनेचं ताट आणि पहिले हजार दिवस

सूरसागरकाठची | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी.

सून पाचव्या महिन्यात आहे. परवा नणंदबाईंचा फोन आला. "वहिनी, तिला फार खायला घालू नकोस हं, मूल मोठं झालं की सिझेरियन करावं लागतं." मी "बरं" म्हणून फोन ठेवला, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. हेच वाक्य मी सदतीस वर्षांपूर्वी याच घरात ऐकलं होतं आणि ऐकून गप्प बसले होते.

मी बडोद्याच्या होम सायन्सची, फूड्स अँड न्यूट्रिशनची. १९४९ साली आपलं विद्यापीठ झालं, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या, आणि त्यांनी या विषयाला मान मिळवून दिला, हे आम्हाला पहिल्याच वर्षी सांगायचे. कॉलेजात असताना आम्ही वस्त्यांत जायचो. स्प्रिंगचा तराजू, कापडी झोळी, दंडाचा घेर मोजायची पट्टी. पोर झोळीत घातलं की रडायचं, काटा हलायचा, आणि मैत्रीण ओरडायची, "अगं हात लावू नकोस, आकडा चुकेल!" अडीच किलोच्या खाली जन्मलेलं बाळ म्हणजे कमी वजनाचं, हे तेव्हा पाठ होतं.

मग लग्न झालं. दांडिया बाजारातला वाडा, दोन भाऊ, एक चूल, मी धाकटी सून. आधी पुरुषांची पंगत, मग मुलं, मग सासूबाई थोरल्या जाऊबाईंना घेऊन बसायच्या. त्यांना वाढून झालं की मी. पोळ्या असायच्या, उपाशी कुणी ठेवलं नाही. पण भाजीचं पातेलं तळाला गेलेलं, वरणात डाळ कमी आणि पाणी जास्त, दह्याचं भांडं खरवडलेलं. मला दिवस गेले तरी क्रम तोच. मला विषय येत होता आणि तोंड उघडायचं धैर्य नव्हतं. मुलगी झाली तेव्हा वजन दोन किलो शंभर ग्रॅम.

मध्यंतरी एका संशोधनाबद्दल वाचलं आणि पुस्तक मिटून बसून राहिले. डायान कॉफी, रीतिका खेरा आणि डीन स्पिअर्स यांनी देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीतली ग्रामीण एकत्र कुटुंबं घेतली. एकाच घरातल्या थोरल्या भावाची मुलं आणि धाकट्या भावाची मुलं ताडून पाहिली. धाकट्या सुनेची मुलं सरासरी बुटकी निघाली. चूल तीच, विहीर तीच, आजी-आजोबा तेच. फरक घरातल्या मानाचा.

कॉफीबाईंचंच आणखी एक काम आहे, २०१५ सालचं. गरोदर राहण्याच्या वेळी आपल्याकडच्या ४२.२ टक्के बायकांचं वजन कमी असतं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हाच आकडा १६.५. आणि आपल्याकडे नऊ महिन्यांत वजन वाढतं जेमतेम सात किलो.

तुमच्या घरांत काय चालतं? गरोदर बाई कधी जेवते, कुणाबरोबर जेवते, तिला दूध मिळतं का? मनापासून लिहा. आणि नणंदबाईंना काय सांगू, तेही सांगा.

---

मकरपुऱ्याची मावशी | मंगळवार, सकाळी ६:५५

ताई, तुमचं लिहिणं वाचून पाणी आलं डोळ्यांत. मी एकतीस वर्षं आंगणवाडी चालवली. आमच्याकडे गुजराती, मराठी, भैया लोक, सगळ्यांची पोरं. ताटाची गोष्ट सगळीकडे एकच.

तुम्हाला एक सांगते. सरकारकडून गरोदर बायकांना 'मातृशक्ती' नावाच्या तयार पिठाची पाकिटं येतात. २०२२ च्या जूनमध्ये आपल्या बडोद्यातच पंतप्रधानांच्या हस्ते नवी योजना सुरू झाली, त्यात महिन्याला दोन किलो चणे, एक किलो तूरडाळ, एक किलो तेल फुकट. चांगली वस्तू, मी नाव ठेवणार नाही. पण घरी गेल्यावर काय होतं? डाळ घरच्या डब्यात पडते. सात माणसांच्या वरणात ती जाते. त्यातलं तिच्या वाटीत किती येणार? पिठाची सुखडी केली की आधी नवऱ्याच्या डब्यात, मग पोरांच्या हातात.

म्हणून मी आणि माझ्या तेडागर बेननं, म्हणजे मदतनीस बाईनं, ठरवलं, गरोदर बाई आली की लाडू तिथेच, माझ्यासमोर खायचा. घरी न्यायचा नाही. काही जणी रागावल्या. एक म्हणाली, माझं मोठं पोरगं घरी बसलंय आणि मी इथे खाऊ? तिला म्हटलं, पोराला पण घेऊन ये, त्यालाही देते, पण तुझा लाडू तुझ्या पोटात.

लोहाच्या लाल गोळीचं पण तेच. १८० गोळ्या द्यायच्या, रोज एक. बायका घेतात आणि फडताळात ठेवतात. शी काळी होते, मळमळतं, म्हणून घाबरतात. मी सांगायची, रात्री जेवून झाल्यावर घे, वर लिंबू पिळून पाणी पी. चहाबरोबर अजिबात नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. एवढं सांगितलं तर घेतात. नुसती पट्टी हातात देऊन भागत नाही.

---

मोजमाप | मंगळवार, सकाळी १०:२०

ताई, अनुभव वाचून वाईट वाटलं. तरीही एक शंका मांडतो. मी कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आयुष्य घालवलं, त्यामुळे आकडा दिसला की उलटा करून बघायची सवय आहे.

धाकट्या भावाची मुलं बुटकी, हे मान्य. पण धाकटा भाऊ कमी कमावत असेल. त्याची बायको कमी शिकलेली असेल, लग्नाच्या वेळी वयानं लहान असेल. ताटाचाच दोष हे कसं ठरवलं? दुसरं, आपली माणसं मुळातच ठेंगणी. नॉर्वेच्या पोराची पट्टी इथल्या पोराला लावून त्याला 'कुपोषित' म्हणायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

---

बालडॉक्टर_कारेलीबाग | मंगळवार, दुपारी ३:०५

मोजमापकाका, दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती माझ्याकडे दर आठवड्याला एखादे आजोबा घेऊन येतात.

आज आम्ही वाढीचा जो तक्ता वापरतो तो जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये काढला. त्यासाठी सहा देशांतली मुलं मोजली: ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. अट अशी की घरात खाण्यापिण्याची ददात नको, आईनं अंगावर पाजलेलं हवं, आईनं विडी-सिगारेट ओढलेली नको. पाच वर्षांपर्यंत या सगळ्यांची वाढ जवळजवळ सारखी निघाली. म्हणजे आपल्या पोराला नॉर्वेची पट्टी लावलेली नाही, ती पट्टी दिल्लीच्या पोरानंही बनवलेली आहे. आई-बापांच्या उंचीचा वाटा असतोच, पण लाखो मुलं एकदम पट्टीखाली जातात तेव्हा कारण रक्तात शोधून चालत नाही. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची खुंटलेली, म्हणजे वयाच्या मानानं फार बुटकी, मुलं देशात ३५.५ टक्के आणि आपल्या गुजरातमध्ये ३९ टक्के. रक्तक्षय देशात ६७.१ टक्के मुलांना, गुजरातमध्ये ७९.७. आपलं राज्य गरीब म्हणून ओळखलं जात नाही, तरी हे असं आहे.

पहिली शंका रास्त आहे. नुसत्या पाहणीतून कारण पक्कं होत नाही, त्यासाठी प्रयोग लागतो. सगळ्यात लांब पल्ल्याचा प्रयोग ग्वाटेमालातला. १९६९ ते १९७७. चार गावं. दोन गावांत 'अतोले' नावाची पेज द्यायचे. पीठ, दुधाची पावडर आणि साखर घातलेली, एका पेल्यात साडेअकरा ग्रॅम प्रथिनं. उरलेल्या दोन गावांत 'फ्रेस्को', म्हणजे गोड सरबत, प्रथिनं शून्य. जीवनसत्त्वं दोन्हीत, दवाखाना चारही गावांत. दिवसातून दोनदा, कुणीही यावं आणि प्यावं.

ती मुलं मोठी झाल्यावर २००२ ते २००४ मध्ये त्यांना पुन्हा शोधून काढलं. जन्मापासून दोन वर्षांपर्यंत ज्यांना पेज मिळाली होती त्या पुरुषांची तासाची कमाई सरबतवाल्यांपेक्षा ४६ टक्के जास्त होती. बायकांच्या कमाईत तसा फरक दिसला नाही, पण त्या शाळा सरासरी एक वर्षाहून जास्त शिकल्या. आणि तीन वर्षांनंतर पेज मिळाली त्यांना हा कमाईचा फायदा नव्हता. पेज तीच, वय निराळं.

---

मोजमाप | मंगळवार, दुपारी ४:३०

चारच गावं? नमुना फार लहान झाला डॉक्टर.

---

बालडॉक्टर_कारेलीबाग | मंगळवार, रात्री ९:५०

लहानच आहे, आणि संशोधकांनीही ते लपवलेलं नाही. म्हणून दुसरं उदाहरण घरचं देतो. हैदराबादजवळ १९८७ ते १९९० या काळात २९ गावं घेतली. १५ गावांत आंगणवाडीचा पूरक आहार सुरू झालेला, १४ गावांत पोचायचा होता. गरोदर बायका आणि सहा वर्षांपर्यंतची मुलं. ती मुलं तेरा ते अठरा वर्षांची झाल्यावर मोजली तर आहार मिळालेली सरासरी १४ मिलिमीटर उंच होती, आणि त्यांच्या धमन्या आणि इन्शुलिनचं कामकाज थोडं बरं होतं. १४ मिलिमीटर म्हणजे बोटाच्या पेराएवढंही नाही, हे मला माहीत आहे. पण ते मकरपुऱ्याच्या मावशींसारख्या बायकांनी साध्या पूरक आहारातून मिळवलेलं आहे.

आता तुमच्या नणंदबाईंसाठी, ताई. गरोदरपणात प्रथिनं आणि उष्मांक यांचा समतोल राखून पूरक आहार दिला तर जन्मवजन सरासरी किती वाढतं, हे बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र करून काढलेलं आहे. सुमारे ४० ग्रॅम. एका छोट्या लिंबाएवढं. चाळीस ग्रॅमनं बाळ अडत नाही. पण त्याच प्रयोगांत मृत जन्माला येणारी बाळं कमी झाली आणि पोटात खुरटलेली बाळंही कमी झाली. बाळ फार मोठं होण्याचं एक मोठं कारण म्हणजे आईची वाढलेली साखर. ती तपासून घ्या आणि सुनेला पोटभर जेवू द्या.

---

पुण्याची सून | बुधवार, सकाळी ८:१५

माझं माहेर पुण्याचं, म्हणून राहवलं नाही. तिथल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम इथे यायलाच हवं.

१९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा त्यांनी अभ्यास केला. लग्न झालेल्या, अजून दिवस न गेलेल्या मुलींपासून सुरुवात. सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) १८.१. शेतात राबणाऱ्या, घरचं आवरणाऱ्या. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पुण्याच्या बाळांचे हात-पाय, स्नायू, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळाइतकी. दिसायला रोड आणि आत चरबी. पुढे मधुमेह लवकर का गाठतो, त्याचं एक मूळ इथे आहे असं त्यांचं म्हणणं.

या गावांत ज्या बायका पालेभाजी, फळं, दूध वरचेवर खात होत्या त्यांची बाळं मोठी निघाली. आणि जवळजवळ दोन तृतीयांश बायकांना बी-१२ कमी. हे आपल्या बडोद्यात लक्षात ठेवण्यासारखं आहे. इथे शेजारीपाजारी सगळे शाकाहारी, आपणही त्यांच्यासारखे होतो. बी-१२ भाजीपाल्यातून मिळत नाही, ते दूध-दही-ताक, अंडी, मासे, मटण यांतूनच येतं. त्याच अभ्यासात दिसलं की आईला फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी असेल तर सहाव्या वर्षी मुलात इन्शुलिनचा विरोध, म्हणजे शरीर इन्शुलिनला नीट दाद न देणं, सर्वांत जास्त. म्हणून फोलिक अॅसिड सोडायचं नाही, पण बी-१२ तपासून घ्यायचं. मी दुसऱ्या खेपेला तपासलं तर फारच खाली होतं, आणि मी स्वतःला धडधाकट समजत होते.

माझ्या सासूबाई मला तुपात निथळणारे लाडू द्यायच्या. त्यांची माया खरी होती. पण मला हवी होती वाटीभर मेथीची भाजी, एक संत्रं आणि दही.

---

सूरसागरकाठची | बुधवार, रात्री १०:३०

पुण्याची सून, किती नेमकं लिहिलंस गं. आज सुनेला घेऊन दवाखान्यात गेले. हिमोग्लोबिन ९.६. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. बी-१२ चा रिपोर्ट यायचाय. डॉक्टरांनी गोळ्या वाढवून दिल्या.

घरी आल्यावर मला अपराधी वाटत राहिलं. दिवस जायच्या आधीपासून लक्ष द्यायला हवं होतं ना? मुंबईच्या 'सारस' प्रकल्पाबद्दल ऐकलं होतं. झोपडपट्टीतल्या बायकांना पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला रोजचा खाऊ. आता पाचवा महिना सरत आला. उशीर झाला का?

---

बालडॉक्टर_कारेलीबाग | गुरुवार, सकाळी ७:२०

ताई, उशीर झालेला नाही.

'सारस'चं पूर्ण सांगतो. २००६ मध्ये सुरू झालं. सगळ्या बायकांचा मिळून हिशोब केला तर जन्मवजनात फरक पडला नाही. पण दिवस जायच्या आधी तीन महिने किंवा जास्त ज्यांनी तो खाऊ खाल्ला त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं जड निघाली. आणखी एक गोष्ट जन्मवजनापेक्षाही मोलाची वाटते: तुलनेसाठी साधा खाऊ दिलेल्या गटात गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्के होता, पालेभाजी-दुधाच्या गटात तो ७.३ टक्केच. म्हणजे आधीपासून खाणं उत्तमच. लेकीसुनांना लग्नाआधीपासून नीट जेवू घालावं हे खरंच. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते, बऱ्याच जणींना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं.

पण हजार दिवस म्हणतो ते कुठले? पोटातले २७०, पहिल्या वर्षाचे ३६५, दुसऱ्या वर्षाचे ३६५. तुमच्या सुनेचे दीडशे गेले. साडेआठशे हातात आहेत. बाळाचं वजन सगळ्यात झपाट्यानं वाढतं ते शेवटच्या तीन महिन्यांत, आणि पहिल्या सहा महिन्यांसाठीची लोहाची पुंजी बाळ तेव्हाच आईकडून घेतं. जन्माच्या वेळी मेंदू मोठ्या माणसाच्या पाव हिश्शाएवढा असतो, दोन वर्षांत तो पाऊण हिश्श्याच्या पुढे जातो. म्हणजे मोठं काम पुढेच आहे.

---

सातवा महिना | गुरुवार, दुपारी १:१०

मी इथे फक्त वाचायला येते, आज लिहिते.

मी स्वतः सातव्या महिन्यात आहे. आमच्या घरी उलटं आहे. सगळे मला खाऊ घालायला टपलेले. सकाळी सासूबाई शिरा, अकराला आई फोनवर "काय खाल्लंस", दुपारी काकू डबा. मला अजून मळमळतं, मोठं ताट समोर आलं की रडू येतं. मला थोडं थोडं, पाच-सहा वेळा हवं असतं. पण ताट अर्धं सोडलं की सगळ्यांचे चेहरे पडतात.

आणि कुणी विचारत नाही की झोप लागते का. आठ तास खुर्चीत बसून काम करते, घरी आल्यावर पाय टम्म. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते, मनात काहीबाही येतं. सूरसागरकाठच्या काकू, तुम्ही सुनेला ताटाबद्दल विचारता तसं याबद्दलही विचाराल का?

---

सूरसागरकाठची | गुरुवार, दुपारी २:००

विचारते बाळा. आजच विचारते. तू हे लिहिलंस, फार बरं केलंस.

---

बालडॉक्टर_कारेलीबाग | गुरुवार, रात्री १०:१५

सातवा महिना, तुमचं लिहिणं या विषयाच्या मधोमध आहे. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गरोदरपणी मन खचलेल्या बायकांसाठी प्रयोग झाला, २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गावातल्याच आरोग्यसेविकांना शिकवून घरोघरी बोलायला पाठवलं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा नैराश्य राहिलेल्या बायका नेहमीच्याच भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के होत्या, या गटात २३. औषध नाही, येऊन शेजारी बसणारी, ऐकून घेणारी शिकवलेली बाई.

झोप नसणं आणि मनात काहीबाही येणं तुमच्या डॉक्टरांना जरूर सांगा, पुढच्या तारखेची वाट न बघता. पाय सुजतात तर रक्तदाबही आत्ताच मोजून घ्या. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी असं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. आणि खाणं पाच-सहा वेळा थोडं थोडं, हेच बरोबर आहे.

---

मांजलपूरचा बाबा | शुक्रवार, सकाळी ९:४०

माझी मुलगी आठ महिन्यांची. वरणाचं पाणी, भाताची पेज देतो. मोबाइल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. वजन दोन महिने जागच्या जागी. आम्ही दोघंही नोकरीला, आई सांभाळते. कुठे चुकतंय?

---

मकरपुऱ्याची मावशी | शुक्रवार, सकाळी ११:२५

भाऊ, वरणाचं पाणी म्हणजे पाणीच. डाळ खाली राहते आणि वरचं पाणी लेकराला. त्याचं पोट केवढं? आपल्या मुठीएवढं. ते पाण्यानं भरलं की दूधही नको, जेवणही नको.

घट्ट वरण-भात मऊ कुस्करा, वर चमचाभर तूप किंवा तेल. चमचा वाकडा करून बघा. घास चमच्यावर बसून राहिला तर बरोबर, ओघळला तर पातळ. डाळ-तांदळाची खिचडी त्यात गाजर, पालक, दुधी. नागलीचं सत्त्व दुधात. केळं कुस्करून. अंडं चालत असेल तर उकडून पिवळं आणि पांढरं दोन्ही. आठव्या महिन्यात दोन-तीन वेळा, आणि अंगावरचं दूध चालू. चहात बुडवलेलं बिस्कीट नको, पुडीतले कुरकुरे नकोत, यांनी पोट भरतं आणि भूक मरते.

आणि दोन महिने वजन हललं नाही तर नुसतं इथे विचारून थांबू नका, डॉक्टरला दाखवा.

---

मोजमाप | शुक्रवार, दुपारी १२:५०

अंड्यावरून एक प्रश्न. इक्वेडोरमध्ये रोज एक अंडं देऊन खुंटणं जवळजवळ निम्म्यानं कमी झालं असं वाचलं. मग मलावीत तोच प्रयोग केला तर वाढीवर काहीच परिणाम नाही. दोन्ही खरं कसं?

---

बालडॉक्टर_कारेलीबाग | शुक्रवार, दुपारी १:३०

दोन्ही खरंच आहे काका. मलावीच्या त्या भागात मुलं आधीच तलावातले मासे खात होती, त्यांच्या आहारात जी उणीव नव्हती ती अंड्यानं भरून कशी निघणार? कुठल्या पोराच्या ताटात काय नाही हे आधी बघावं लागतं. आपल्याकडे सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांत पुरेसा आणि विविध आहार मिळणारी देशभरात फक्त ११.३ टक्के. इथे अंडं, दूध, घट्ट डाळ, पालेभाजी, फळ, जे जे वाढेल ते उपयोगाचं. बाबा, आठव्या महिन्यात दुधाव्यतिरिक्त साधारण २०० कॅलरी लागतात, वरणाच्या पाण्यात त्या कुठून येणार?

---

बालवाडीची बाई | शुक्रवार, संध्याकाळी ६:१०

मोबाइलबद्दल मी लिहिते, मी आयुष्यभर लहान मुलांतच राहिले. शिकले ते आपल्या विद्यापीठाच्या चेतन बालवाडीत उमेदवारी करताना.

घास देताना मोबाइल नको, तुमचा चेहरा हवा. मुलीला तुमच्या मांडीवर न घेता समोर बसवा. हातात एक चमचा द्या, सांडू दे. "हा बघ भात, गरम आहे, फुंकर घालू या," असं बोलत राहा. ती "बा" म्हणाली की तुम्हीही "बा" म्हणा आणि थांबा, तिची पाळी येऊ द्या.

जमैकातला अभ्यास डॉक्टरांना ठाऊक असेलच. किंग्स्टनमध्ये १९८६-८७ च्या सुमारास नऊ ते चोवीस महिन्यांची १२९ खुंटलेली मुलं घेतली. काहींना आठवड्याला किलोभर दुधाची पावडर. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर एक आरोग्यसेविका जायची आणि आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायची. काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षं. वीस वर्षांनी पाहिलं तर खेळ मिळालेल्यांची कमाई इतर खुंटलेल्या मुलांपेक्षा २५ टक्के जास्त, जवळपास धडधाकट वाढलेल्या मुलांच्या बरोबरीची. खेळणी कुठली? रिकाम्या बाटल्या, पुठ्ठ्याचे ठोकळे, घरी केलेली चित्रं.

हे वाचलं तेव्हा मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवल्या. ताराबाई आपल्या गुजरातेत भावनगरला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाई बधेकांबरोबर काम करून मग बोर्डीला गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. बियांची, पानांची, शंखांची खेळणी. दुकानातून काहीच आणलं नव्हतं.

आजीला सांगा: वाटी-चमचा, झाकणं, गव्हाच्या दाण्यांची घट्ट बंद केलेली बाटली, बोटांवरचे खेळ, बडबडगीतं. तिला हे सगळं येतं. तिला फक्त एवढं सांगा की मोबाइलपेक्षा हे जास्त कामाचं आहे.

---

मोजमाप | शनिवार, सकाळी ८:००

म्हणजे जमैकात दुधाच्या पावडरीचा फायदा टिकला नाही आणि खेळाचा टिकला. ग्वाटेमालात पेजेचा टिकला. मग घरी आधी काय करायचं?

---

बालडॉक्टर_कारेलीबाग | शनिवार, दुपारी २:४५

जमैकाची मुलं आधीच खुंटलेली होती, काही तर दीड-दोन वर्षांची. ग्वाटेमालात पेज आईच्या पोटापासून मिळत होती. खाणं जितक्या लवकर तितकं लागू पडतं. बोलणं-खेळणं उशिरा सुरू केलं तरी हाती येतं. पण घरात या दोन गोष्टी वेगळ्या कुठे असतात काका? घास भरवताना दोन्ही एकदमच होतात.

---

सूरसागरकाठची | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:००

बऱ्याच दिवसांनी आले. आधी आकडे: सुनेचं हिमोग्लोबिन ९.६ वरून १०.४. बी-१२ कमीच निघालं, उपचार सुरू आहेत. वजन दीड किलो वाढलं. ती आता आठ वाजता जेवते आणि आम्ही सगळे तिच्याबरोबर बसतो. वाढायला मुलगा उठतो. झोपेबद्दल विचारलं तर अर्धा तास बोलत राहिली, मला काहीच ठाऊक नव्हतं. नणंदबाईंना लिंबाएवढे चाळीस ग्रॅम सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मला तर आईनं असंच सांगितलं होतं गं."

पण लिहायला आले ते वेगळंच. थोरल्या जाऊबाई आता पंचाहत्तरीला आल्यात, कारेलीबागेत राहतात. त्यांना मी तो धाकट्या सुनांचा अभ्यास वाचून दाखवला. मनात राग होता, खोटं कशाला सांगू. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू यायच्या आधी सहा वर्षं शेवटचं ताट माझं होतं. माझा मोठा तेव्हाचा. धाकटी तू आल्यावरची. दोघांना शेजारी उभं करून बघ कधी."

मी त्या मुलाला कित्येक वर्षं बघतेय. आईच्या खांद्याला लागतो. धाकटी त्याच्याहून दोन बोटं उंच, आणि आम्ही सगळे म्हणायचो ती आजोबांवर गेली. हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही.

मोजमापकाका म्हणतील एका घरावरून काही ठरत नाही. ठरत नाहीच.

---

मोजमाप | रविवार, रात्री ९:४०

नाही म्हणत ताई. आमच्या घरी आई शेवटी जेवायची. आम्ही पाच भावंडं, ती काय जेवली हे मी कधी पाहिलं नाही.

---

मकरपुऱ्याची मावशी | सोमवार, सकाळी ६:४०

ताई, १०.४ छान. गोळ्या थांबवू नका, बाळंतपणानंतर पण १८० दिवस घ्यायच्या असतात. ममता कार्डावर, म्हणजे आई-बाळाच्या तपासणीच्या कार्डावर, वजन लिहून घेता ना?

---

सूरसागरकाठची | सोमवार, सकाळी ७:३०

घेते मावशी. जाऊबाई काल स्वतः खंडेराव मार्केटात जाऊन अळीव आणि डिंक घेऊन आल्या. अजून तीन महिने आहेत म्हटलं, तर म्हणाल्या, "आत्ता नाही देणार. आणून ठेवते. आणि लाडू तिला मी वाढणार."